सत्तरीपुढच्यांची मोठी एफडी मोडली तर बँकेने पैसे एक दिवस अडवावेत का?

विश्रामबागकर: आमच्या कॉलनीतल्या निवृत्त मास्तरांना ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घातली. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, आधार कार्डावर मनी लाँडरिंगची केस, घरात कुणाशी बोलायचं नाही. असली अटक कायद्यातच नाही, पण घाबरलेल्या माणसाला कायदा कुठला आठवतोय? मास्तर स्वतः सांगलीतल्या बँकेत गेले, एफडी मोडली, आरटीजीएस करून आले. बँकेत कुणी विचारलं नाही. माझं म्हणणं, सत्तरीपुढच्या माणसाची मोठी रक्कम पहिल्यांदाच एखाद्या खात्यात जात असेल, तर चोवीस तास अडवा. एकदा गेली की टोळीने भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांतून फिरत कुठल्या कुठे जाते.

हळदबाजार_७४: पैसे माझे, मोडणार मी. उद्या बायकोला मिरजेला अ‍ॅडमिट केलं आणि डिपॉझिट भरायचं असलं तर? पोरं आधीच फोन काढून घ्यायला टपलीत, आता बँकपण.

विश्रामबागकर: हॉस्पिटलला एक फोन केला की खात्री होते. तेवढी सूट ठेवा की.

माजी_हेडकॅशियर: ‘कुणी विचारलं नाही’ हे सरसकट खरं नव्हे. आम्ही विचारायचो. ‘मुलीच्या फ्लॅटसाठी’ असं पढवलेलं उत्तर यायचं, वर मॅनेजरकडे तक्रार. तरी मी अडवण्याच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात, चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. इथे फॉर्मवर सही मास्तरांचीच. बँक हात वर करणार.

कृष्णाकाठ: 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कधी फोन केला? पहिल्या तासाभरात केला तर पुढच्या खात्यांत रक्कम गोठवता येते. मग ती कोर्टाच्या आदेशाने सोडवायची. चपला झिजतात, पण मिळू शकते.

विश्रामबागकर: तिसऱ्या दिवशी. लाजेपोटी. थोडी रक्कम गोठलीय. आता एका ‘वकिला’चा फोन आलाय, दहा टक्के आगाऊ द्या, सगळी काढून देतो म्हणून.

कृष्णाकाठ: तो त्याच टोळीतला असेल नाहीतर दुसऱ्या. एक रुपया देऊ नका. तक्रारीचा पोचक्रमांक घेऊन थेट सायबर पोलीस ठाण्यात जा.

हळदबाजार_७४: बरं, अडवायची सोय ठेवा. पण ज्याला हवी त्याने अर्ज करून घ्यावी.

विश्रामबागकर: ज्याला खरी गरज आहे तो अर्ज करणारच नाही. मास्तरांनी केला असता?

हळदबाजार_७४: त्यांनाच विचारा की. एवढा धागा काढलात, त्यांचं मत कुठाय यात?