थडग्यात टोपली म्हणजे गरिबी?

थडगेवाचक: "ज्यांना सोनं परवडत नसे ते मृतासोबत विणलेल्या टोपल्या पुरत," असं काल इथं कुणीतरी ठोकून दिलं. प्राचीन इजिप्तबद्दल इतकं सरधोपट? राजा तुतनखामेनला परवडत नव्हतं? १९२२ साली सापडलेल्या त्याच्या थडग्यात शंभरावर टोपल्या निघाल्या. डूम ताडाची फळं, बोरं, द्राक्षं भरलेल्या.

रिकामी करंडी: म्हणजे पुरली ती फळं. टोपली नुसतं भांडं. प्रत्येक भांड्याला पारलौकिक अर्थ चिकटवायचा सोस सोडा.

आरी आणि पाती: दोघंही "विणलेल्या" धरून चाललात, तिथंच गफलत आहे. या टोपल्यांत ताणाबाणा नाही. गवताची जुडी वेटोळ्यानं फिरवायची, तिच्यावर ताडाच्या पातीची पट्टी गुंडाळायची, आरीनं खालच्या वेढ्याला भोक पाडून पट्टी त्यातून ओढून घ्यायची. ही शिवण झाली.

रिकामी करंडी: शब्दाचा कीस काढून काय निघणार?

आरी आणि पाती: कष्ट किती ते निघतं. पाती कोरडी असली तर वळवताना तडकते. फार भिजली तर वाळताना आकसते आणि टाके सैल पडतात. जुडीत गवत थोडं थोडं घालत राहावं लागतं. एकदम कोंबलं की वेढा फुगतो, उशीर केला की बारीक होतो आणि कड आत झुकते. सगळ्यात अवघड तळाचा मध्य. पहिला वेढा घट्ट बसला नाही तर तिथं भोकच राहतं. याला स्वस्तातली वस्तू म्हणणाऱ्यानं टोपली उलटी करून तळ पाहावा.

थडगेवाचक: शिवण मान्य, पण धागा पळवू नका. खा आणि त्याची बायको मेरीत यांचं थडगं घ्या, इजिप्तमध्येच देर अल-मदिनाला १९०६ साली सापडलेलं. खा बांधकामावरचा अधिकारी. राजा नाही, कंगालही नाही. तिथंही टोपल्या आहेत.

रिकामी करंडी: त्यातही बरंचसं खाणंपिणंच! माझंच म्हणणं पुढं नेताय.

थडगेवाचक: मग तारखानची दफनभूमी? पहिल्या राजवंशाच्या सुमारास, म्हणजे साधारण पाच हजार वर्षांपूर्वी, तिथं काही मृतदेहच लव्हाळ्याच्या टोपलीवजा पेटीत ठेवलेत. आत फळं नाहीत, माणूस आहे!

रिकामी करंडी: बरं, तिथं ती नुसतं भांडं नाही. मानलं. पण त्याच दफनभूमीत लाकडी पेट्याही निघाल्यात, आणि चांगलं लाकूड इजिप्तमध्ये दुर्मीळ. लाकूड जमलं नाही म्हणून लव्हाळं. ज्या वाक्यावर चिडलात ते इथं लागू पडतं.

आरी आणि पाती: तारखानच्या पेट्यांना लागू पडत असेल. तुतनखामेनच्या टोपल्यांना ते चिकटवू नका.