मदत हवी आहे : अकरावीतील मुलीसाठी विनाशुल्क उन्हाळी उपक्रम

नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून, गच्चीवरून छोट्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या गुरूच्या चंद्रांच्या जागा ती वहीत पेन्सिलीने तारीखवार टिपून ठेवते. इस्रोचा २०१९ साली सुरू झालेला ‘युविका’ हा मोफत निवासी उपक्रम नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने ती संधी हुकली, याची मला अजूनही हळहळ वाटते. एका खासगी शिबिराने निवड झाल्याचे कळवून लगेच ३५,००० रुपये मागितले. ते आम्हाला झेपणारे नाही. बारावीपूर्वीच्या सुट्टीत शुल्क न घेता खरेखुरे संशोधन शिकवणारे उपक्रम कोणते, आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाड या विज्ञान स्पर्धेतील मुलांखेरीज इतरांना काही वाव असतो का, हे कृपया स्वानुभवावरून सांगावे. अर्ज साधारण कोणत्या महिन्यात करावा लागतो, हेही कळवावे.