मदत हवी आहे: खूण मागावी की नुसता भरवसा ठेवावा?
सर्वांना सलाम. आम्ही धुळ्याचे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात वाद चाललाय. मावशी म्हणते, बायबलमधल्या गिदोनासारखी लोकर ठेवून देवाकडे खूण माग. (आमच्याकडे लोकर कुठली, अंगणात कापूसच ठेवावा लागेल!) पण गिदोनाला तर देवाने आधीच विजयाचा शब्द दिला होता, तरी बायबलच्या शास्ते 6 मध्ये त्याने लोकर ठेवून दोनदा खूण मागितली (एकदा फक्त लोकर दवाने भिजावी, एकदा फक्त तीच कोरडी राहावी). ही श्रद्धा की धास्ती? उलट मत्तय 12 मध्ये येशू चिन्ह मागणाऱ्यांना योनाच्या चिन्हापलीकडे (योना संदेष्टा तीन दिवस माशाच्या पोटात होता, ते) काही देत नाही. योहान 20:29 (न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य) तर सगळ्यांना पाठच आहे. मला वाटतं, प्रार्थना करावी आणि डॉक्टरांचं ऐकावं. मावशीला न दुखावता हे कसं सांगू? कुणी अहिराणीत सांगितलं तर फारच बरं, तिला तीच भाषा जवळची.