मदत हवी आहे : सातेरीची पहिली मधपेटी पावसाळ्यात टिकवायची कशी?

नमस्कार.

चिपळूण तालुक्यात आमची आंबा-काजूची जुनी बाग आहे. काजूच्या मोहराला परागीभवनाची मदत व्हावी आणि घरापुरता मध मिळावा, एवढ्याच अपेक्षेने गेल्या डिसेंबरात एका प्रशिक्षित मधपाळाकडून सातेरी माश्यांची एक वसाहत आठ चौकटींच्या पेटीसह घेतली. काजू आणि आंबा फुलावर असेपर्यंत सर्व काही उत्तम चालले होते. मार्चमध्ये माश्यांनी सहा चौकटी पूर्ण झाकल्या होत्या आणि वरच्या मधकोठीतही पोळी बांधायला सुरुवात केली होती.

आता मे महिना संपत आला आहे आणि चित्र बदलले आहे. माश्या जेमतेम चार चौकटींवर दिसतात. कडेच्या दोन पोळ्यांवर एकही माशी नसते आणि त्यांतल्या एका पोळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू आणि आरपार गेलेली भुयारे दिसू लागली आहेत. पेटीच्या तळफळीवर काळपट मेणाचा भुसा साचतो. एका चौकटीच्या खालच्या भागात इतरांपेक्षा मोठी, फुगीर टोपणांची घरे आहेत आणि त्या प्रत्येक टोपणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे भोक आहे. ही भोके पाहून रोगाची शंका येते. त्याच पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलाच्या आकाराची तीन लोंबती घरे आहेत. त्यांपैकी एकाचे टोक झाकणासारखे गोल कापलेले असून उरलेली दोन बाजूने कुरतडलेली आहेत.

मधकोठीत तीन लहान चौकटी मधाने भरल्या आहेत आणि त्यांचा बराचसा भाग मेणाने बंद आहे. आमच्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि पुढे सप्टेंबरपर्यंत त्याला खंड नसतो, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागणार आहे. वसाहत रोगाने खचते आहे की अन्य काही कारण आहे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की मध काढावा की माश्यांसाठी ठेवावा, आणि पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावयाचा झाल्यास तो किती व कसा द्यावा. पेटी सध्या आंब्याखाली उघड्यावर आहे. ती गोठ्याच्या पडवीत हलवली तर चालेल का, हेही कळले तर बरे होईल. मिळणारी बहुतेक माहिती इटालियन माशीविषयी असते आणि ती सातेरीला कितपत लागू पडते हे नवशिक्याला ठरवता येत नाही, म्हणून सातेरी पाळणाऱ्यांनी आवर्जून उत्तर द्यावे, ही विनंती.

— काजूबन

प्रतिसाद : जांभूळखोरे

आपण निरीक्षणे इतक्या नेटकेपणाने लिहिली आहेत की बहुतेक उत्तर त्यांतच आहे. आमचा भाग महाबळेश्वरच्या पश्चिम उताराचा. घरी सातेरीच्या पेट्या वडिलांच्या काळापासून आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

भोके असलेली फुगीर टोपणे म्हणजे नर माश्यांची घरे. सातेरीच्या नरांच्या टोपणावर असे छिद्र असणे ही त्या जातीची खूण आहे, रोग नव्हे. मेलिफेराच्या, म्हणजे इटालियन माशीच्या, पोळ्यात ते दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर लिहिलेल्या पुस्तिकांत त्याचा उल्लेख सापडत नाही. लोंबती घरे ही राणीची. टोक गोल कापलेले असेल, तर त्यातून राणी सुखरूप बाहेर पडली असे समजावे; बाजूने कुरतडलेल्या घरांतील राण्या पहिल्या राणीने किंवा कामकरी माश्यांनी मारलेल्या असतात. भरपूर नर आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, की वसाहत फुटली असे खुशाल म्हणावे. जुनी राणी निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन एप्रिलमध्ये केव्हातरी निघून गेली असणार. सहाच्या चार चौकटी झाल्या त्या त्यामुळे.

आता खरा प्रश्न नव्या राणीचा आहे. घरातून बाहेर पडल्यावर ती साधारण आठवडाभरात मीलनासाठी उडते आणि त्यानंतर काही दिवसांत अंडी घालू लागते. त्या उड्डाणात पक्ष्याने टिपली किंवा वाट चुकली, तर वसाहतीला राणीच उरत नाही. म्हणून सकाळी ऊन आल्यावर मधली चौकट उचलून सूर्याकडे पाठ करून धरावी, म्हणजे प्रकाश घरांच्या तळाशी पोहोचतो. प्रत्येक घराच्या तळाशी मधोमध एकच अंडे उभे दिसले, तर राणी आहे आणि तिचे मीलनही झाले आहे. ती प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे, हा हट्ट धरू नये. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालत आहेत. त्या अंड्यांतून केवळ नर निपजतात आणि वसाहत हळूहळू संपते. तशी स्थिती असल्यास पाऊस सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या राणी असलेल्या लहान वसाहतीशी ती जोडणे, एवढाच मार्ग राहतो.

पांढरे तंतू आणि भुयारे मेणकिड्याची आहेत. तो सबळ वसाहतीत शिरकाव करू शकत नाही. ज्या पोळ्यावर माशी बसत नाही, ते पोळे त्याचे. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पेटीतून जादा पोळी काढून घेणे. चार चौकटींवर माश्या असतील तर चारच चौकटी ठेवाव्यात, उरलेली जागा लाकडी आडफळी लावून बंद करावी. किडलेले पोळे वितळवून मेण करावे. चांगले रिकामे पोळे घट्ट डब्यात ठेवून त्याला गंधकाची धुरी द्यावी, म्हणजे पुढच्या हंगामात माश्यांचे कष्ट वाचतात. तळफळीवरील भुसा दर आठवड्याला खरवडून दूर टाकावा, कारण मेणकिड्याच्या अळ्या त्यातच वाढतात. अर्थात सगळा भुसा किड्याचा नसतो. सातेरीला जुने काळे पोळे स्वतःच कुरतडून पाडण्याची सवय आहे.

— जांभूळखोरे

प्रतिसाद : पेठेतला मधपाळ

पुण्याजवळ माझ्या मेलिफेराच्या पेट्या आहेत. मी मध पूर्ण काढून घेतो आणि पावसाळाभर भरपूर पाक देतो. साखर मधापेक्षा स्वस्त पडते आणि वसाहती व्यवस्थित राहतात. आपणही तसे करण्यास हरकत नसावी.

— पेठेतला मधपाळ

प्रतिसाद : जांभूळखोरे

वरील सल्ला मेलिफेरासाठी चालत असेल, सातेरीसाठी मी तो देणार नाही. मेलिफेरा उपासमारीतही बहुधा पेटी धरून राहते. सातेरीचा स्वभाव वेगळा आहे. अन्न संपले, मुंग्या लागल्या, पेटी वारंवार उघडली किंवा मेणकिडा माजला, की राणीसह सगळी वसाहत पोळे टाकून निघून जाते. जाण्याआधी राणी अंडी घालणे कमी करते आणि उरलेला मध माश्या पोटात भरून घेतात, त्यामुळे नवशिक्याला पेटी शांत दिसते. माझ्या मते सातेरी पाळण्याचे निम्मे कौशल्य तिला निघून जाण्याचे कारण न देण्यात आहे.

म्हणून मधकोठीतल्या तीन चौकटींपैकी जिचा निदान दोन-तृतीयांश भाग मेणाने बंद आहे अशी एक चौकट आपण घ्यावी. बंद न झालेल्या मधात पाण्याचे प्रमाण जास्त असते आणि कोकणच्या दमट हवेत तो आंबतो. बाकीचा मध माश्यांचा. खालच्या शिशुकोठीतील मधाला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

पाक एक भाग साखर आणि एक भाग पाणी असा पातळ करावा. पाणी उकळून उतरवल्यावर त्यात साखर विरघळवावी, साखर करपू देऊ नये. गूळ किंवा काकवी वापरू नये. माश्यांना हगवण लागते. वाटीत पाक ओतून वर गवताच्या चार काड्या तरंगत ठेवाव्यात, नाहीतर माश्या बुडतात. पाक नेहमी सूर्यास्तानंतर आणि पेटीच्या आतच द्यावा. दिवसा दिल्यास किंवा बाहेर सांडल्यास वासाने परक्या वसाहतींतील माश्या लुटालूट करायला येतात आणि दुर्बळ पेटी अशा हल्ल्यात एका दुपारीत संपते. चार चौकटींच्या वसाहतीला आठवड्यातून एक-दोन वेळा एक पेला पाक पुरेसा होतो, मात्र रात्रीतून संपेल इतकाच द्यावा. पाक देत असताना मधकोठी पेटीवर ठेवू नये, म्हणजे साखर मधात मिसळण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

— जांभूळखोरे

प्रतिसाद : माडापोफळी

मी सिंधुदुर्गातला, त्यामुळे पावसाचे दुखणे सारखेच. पेटी पडवीत अवश्य हलवावी, पण एका रात्रीत उचलून नेऊ नये. माश्यांच्या डोक्यात जुनी जागा पक्की असते आणि थोड्या अंतरावर हलवलेली पेटी त्यांना सापडत नाही. रोज संध्याकाळी दोन-तीन फूट सरकवत न्यावी आणि पडवीत पोहोचल्यावर दार पूर्वेकडे ठेवावे. गोठ्यातील धूर आणि रात्रीचा दिवा थेट पेटीवर येणार नाही, हे पाहावे.

सातेरी माशी मेलिफेराप्रमाणे झाडांची राळ आणून फटी बुजवत नाही. ते काम आपल्याला करावे लागते. छपराचे सांधे आणि कोठ्यांमधील फटी आताच शेणमातीने लिंपून घ्याव्यात. पेटी मागून किंचित उचललेली असावी, म्हणजे आत गेलेले पाणी दारातून वाहून जाते. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात आणि त्या कधीही कोरड्या पडू देऊ नयेत. पावसात मुंग्या कोरडी जागा शोधत असतात. दार दोन-तीन माश्या शेजारी-शेजारी जाऊ शकतील इतकेच उघडे ठेवावे, त्यामुळे गांधीलमाशीलाही आवर बसतो.

चाऱ्याचे म्हणाल तर नारळ बारमाही फुलतो. शिवाय पडवळ, दोडका, काकडीचे वेल परसात लावले, तर पावसाच्या उघडिपीत परागकण मिळतात. पाकातून साखर मिळते, पण अळ्यांना परागकणच लागतात.

— माडापोफळी

प्रतिसाद : काजूबन

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी सांगितल्याप्रमाणे चौकट धरून पाहिली. मधल्या दोन चौकटींत प्रत्येक घरात एकेकच अंडे तळाशी उभे आहे, आणि तिसऱ्या चौकटीत मोत्यासारख्या पांढऱ्या अळ्या वाटोळ्या पडलेल्या आहेत. किडलेली दोन्ही पोळी काढून आडफळी लावली. जाता जाता एक शंका विचारतो. रोग झालाच तर अळी कशी दिसते, म्हणजे पुढच्या तपासणीत काय शोधावे?

— काजूबन

प्रतिसाद : जांभूळखोरे

राणी कामाला लागली आहे, आता काळजी नसावी. सातेरीत भीती बाळगावी ती थाई सॅकब्रूड या विषाणूरोगाची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती त्याने फार मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या. टोपण घातलेल्या किंवा माश्यांनी उघडलेल्या घरात अळी उताणी ताठ पडलेली, डोके वर उचललेले, असे दिसले तर चिमट्याने ती अलगद उचलावी. पाणी भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर आली, तर हा रोग समजावा. त्यावर औषध नाही. त्या पेटीतील चौकट, पाक किंवा हत्यार दुसऱ्या पेटीला लावू नये आणि जाणकाराला बोलवावे. महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या दोन्ही ठिकाणी सातेरीविषयी मार्गदर्शन मिळते. पाऊस सरल्यावर तेथील प्रशिक्षण अवश्य घ्यावे.

तोपर्यंत पूर्ण तपासणी पंधरा दिवसांतून एकदा, तीही उघडीप असताना आणि पाच-सात मिनिटांत उरकावी. एरवी बाहेरूनच पाहावे. पायांना परागकणांच्या गोळ्या लावून माश्या आत जात असतील, तर आत अळ्या वाढत आहेत आणि पेटी उघडण्याची गरज नाही.

— जांभूळखोरे