प्रॉमन्टरीचा फोटो आणि चिनी मजूर

अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वेचे रूळ १० मे १८६९ ला युटामधल्या प्रॉमन्टरीला जोडले गेले. त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध फोटोत चिनी मजूर दिसत नाहीत, कारण तोवर त्यांचं काम संपलं होतं, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. त्या दिवशी प्रॉमन्टरीला सेंट्रल पॅसिफिकच्या (पश्चिमेकडून रूळ टाकत आलेल्या कंपनीच्या) बाजूचा शेवटचा रूळ चिनी मजुरांच्या टोळीनेच आणून बसवला होता. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतला समिट बोगदा, म्हणजे सुमारे ५०० मीटर सलग ग्रॅनाइट, तोही मुख्यतः त्यांनीच फोडला. हाताने भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, आणि दिवसाला प्रगती कशीबशी फूट-दोन फूट. जून १८६७ मध्ये त्यांनी जास्त पगार आणि कमी तासांसाठी संप केला, तर कंपनीचा बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकरने शिधाच बंद केला. आठवडाभरात संप मोडला.

खरी वगळणूक फोटोपेक्षा स्मरणसोहळ्यात झाली. १९६९ च्या शताब्दीला चायनीज हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या अध्यक्षांचं भाषण ऐनवेळी रद्द झालं. त्याच कार्यक्रमात अमेरिकेचे परिवहन मंत्री जॉन व्होल्पी यांनी विचारलं, तीस फूट बर्फाखाली बोगदे खोदणं अमेरिकनांशिवाय कुणाला जमलं असतं? ज्यांनी ते खोदले त्यांना कायद्याने अमेरिकेचं नागरिकत्वच मिळू शकत नव्हतं! २०१९ च्या दीडशेव्या वर्षी मात्र मजुरांच्या वंशजांना मुख्य व्यासपीठावर बोलायला मिळालं. कंपनीच्या पगारपत्रकांत बहुतेक ठिकाणी फक्त टोळीच्या मुकादमाचं नाव आहे, त्यामुळे आपला पूर्वज नक्की कोणत्या टोळीत होता हे आजही अनेक कुटुंबांना शोधता येत नाही.