मदत हवी आहे: मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये ड्रोनच्या साहाय्याने कोडिंग शिकवण्याविषयी (बेळगाव)

नमस्कार.

बेळगाव तालुक्याच्या पूर्व भागात, सांबरा विमानतळापासून जवळच असलेल्या एका गावच्या सरकारी मराठी हायस्कूलमध्ये मी गणित आणि विज्ञान शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी यंदा शाळेला चाळीस हजारांच्या आसपास देणगी दिली असून, ती मुलांना स्वतः हाताळता येईल अशा साहित्यावरच खर्च व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ड्रोनचा विषय निघाला, कारण उसावर फवारणी करणारे ड्रोन मुलांनी शिवारात पाहिलेले आहेत आणि ते आपोआप कसे फिरतात, हा प्रश्न ती वर्गात विचारतात. मला ही कल्पना मनापासून पटली आहे. मात्र पंधरा ऑगस्टला एकदा उडवून दाखवायचे आणि मग कपाटात ठेवून द्यायचे, असे यंत्र मला घ्यायचे नाही. प्रत्येक मुलाने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम हवेत चाललेला पाहावा, चुकला तर स्वतः दुरुस्त करावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

नियमांचा भाग मी वाचलेला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात मोडतो आणि तो चालवण्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. परंतु वजन कमी असले म्हणून जागेचे बंधन सुटत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे २०० फुटांपर्यंतच हिरवे क्षेत्र, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येण्याजोगी जागा, धरले जाते आणि आमची शाळा ८ किलोमीटरच्याही आत येते. शिवाय सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे मैदानाचा विचार मी पूर्णपणे बाजूला ठेवला असून सर्व प्रयोग शाळेच्या सभागृहात, दारे-खिडक्या बंद करूनच करायचे ठरवले आहे.

यंत्राची निवड मात्र अजून होत नाही. शालेय कोडिंगसाठी सगळीकडे ज्याचे नाव घेतले जाते तो टेलो हा परदेशी बनावटीचा छोटा ड्रोन सुमारे ८० ग्रॅमचा आहे. तो स्क्रॅच (पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याची भाषा) आणि पायथॉन (आज्ञा टाइप करून लिहायची भाषा) या दोन्हींतून चालतो आणि ‘५० सेंटिमीटर वर जा’, ‘९० अंश वळ’ अशा सुट्या आज्ञा घेतो. परंतु फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. बाजारात जे नग दिसतात त्यांचे बिल आणि हमी नीट मिळेल का, आणि सुटे पंखे व बॅटऱ्या पुढे मिळत राहतील का, याची मला चिंता वाटते, कारण शाळेच्या पैशाचा हिशेब लेखापरीक्षणात द्यावा लागतो. मुंबईच्या द्रोणा एव्हिएशन या कंपनीचा प्लूटो हा भारतीय पर्याय आहे आणि तो मुलांना स्वतः जोडता येतो. वर्गात हे दोन्ही वापरलेल्या कोणाचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. टेलोची बॅटरी कंपनीच्या सांगण्यानुसार १३ मिनिटे चालते. वर्गात ती त्याहून कमीच चालेल, असे धरून चालू. तास चाळीस मिनिटांचा आणि मुले पस्तीस-चाळीस. चार-चार जणांचे गट केले, तरी एका गटाच्या वाट्याला जेमतेम एक उड्डाण येते आणि ते चुकले की दुरुस्तीला वेळच उरत नाही. खरे शिक्षण तर त्या दुरुस्तीतच आहे. उदाहरणार्थ, हवेत समभुज त्रिकोण काढायला सांगितला की बहुतेक मुले ६० अंश वळण लिहितील, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे त्यांनी पाठ केलेले असते. प्रत्यक्षात ड्रोनला बाह्यकोनातून, म्हणजे १२० अंशांतून वळावे लागते. ही चूक मुलांनी स्वतः पाहावी आणि ३६० भागिले बाजूंची संख्या हे सूत्र त्यांनीच शोधून काढावे, अशी माझी फार इच्छा आहे. मोजक्या बॅटऱ्यांमध्ये हे कसे जमवावे?

आपली नम्र,
सीमाभागातील एक शिक्षिका

प्रतिसाद १

नमस्कार बाई. मी निपाणी भागातील एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि आमच्याकडे दोन छोटे ड्रोन वापरात आहेत. उड्डाणाला शेवटचे स्थान द्यावे, एवढेच माझे सांगणे आहे. प्रत्येक गट आधी आलेखाच्या कागदावर मार्ग काढतो, मग एक मुलगा डोळे मिटून ‘ड्रोन’ होतो आणि बाकीचे त्याला लिहिलेल्या आज्ञाच वाचून दाखवतात. त्रिकोणाची ६० आणि १२० अंशांची चूक तिथेच, बॅटरी न जाळता, सापडते. त्यानंतर संगणकावर स्क्रॅचमधील मांजराकडून तोच आकार काढून घ्यावा. इतके झाल्यावर हवेत गेलेला प्रोग्रॅम क्वचितच मुळातून चुकतो, आणि जो फरक राहतो तो यंत्राचा असतो. तो फरक म्हणजे गणिताच्या शिक्षकाला मिळालेली पर्वणीच आहे. चौरस पूर्ण करून ड्रोन जिथे उतरला ती जागा आणि जिथून उडाला ती जागा यांमधील अंतर टेपने मोजायला लावा. सर्व गटांची मापे फळ्यावर लिहिली की सरासरीचा पाठ आपोआप उभा राहतो, आणि नववीची निर्देशक भूमितीही त्याच जमिनीवर शिकवता येते.

टेलो घेतलात तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. तो पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमीन पाहून स्थिर राहतो, त्यामुळे एकाच रंगाच्या फरशीवर किंवा कमी उजेडात तो भरकटतो. आम्ही जुनी वर्तमानपत्रे वेडीवाकडी पसरून कडा चिकटपट्टीने घट्ट बसवतो. सारख्या पट्ट्यांची सतरंजी मात्र उपयोगाची नाही, कारण एकसारखी नक्षीही त्याला फसवते. २० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतराची आज्ञा तो स्वीकारत नाही आणि १५ सेकंद कोणतीच आज्ञा मिळाली नाही तर आपणहून खाली उतरतो. मुलांना हे ठाऊक नसेल तर ती विनाकारण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. छताचे पंखे बंद ठेवावेत, मुलींनी वेण्या आणि ओढण्या बांधून घ्याव्यात, आणि गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये; फुगलेली बॅटरी तर लगेच बाजूला काढावी.

एकच महागडा ड्रोन घेण्यापेक्षा दोन साधे ड्रोन आणि जास्त बॅटऱ्या घ्या. हिशेबाची काळजी असेल तर पक्के बिल देणारा भारतीय पर्यायच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. जवळपास अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतील शालेय प्रयोगशाळा) असलेली शाळा असल्यास तिथे एकदा मुलांना घेऊन जाऊन, खरेदीपूर्वी यंत्र हाताळून पाहावे.

धागाकर्तीचे उत्तर

सर, मनःपूर्वक आभार. डोळे मिटून ‘ड्रोन’ होण्याचा प्रयोग पैसे येण्याची वाट न पाहता याच आठवड्यात आठवीच्या वर्गात सुरू करता येईल. आपले म्हणणे पटल्यामुळे दोन भारतीय ड्रोन आणि जादा बॅटऱ्या असा प्रस्ताव मी एसडीएमसीसमोर ठेवणार आहे.

आणखी एक विचारायचे राहिले. आमच्या मुलांना इंग्रजी आज्ञा वाचताना अडखळायला होते. पायथॉनमध्ये फंक्शनचे (नाव देऊन ठेवलेल्या आज्ञासंचाचे) नाव देवनागरीत देता येते, हे मी करून पाहिले आहे. तेव्हा ‘वर_जा’, ‘उजवीकडे_वळ’ अशी फंक्शने आधीच लिहून मुलांच्या हाती द्यावीत, की पुढे कॉलेजमध्ये इंग्रजीच वापरावे लागणार म्हणून सुरुवातीपासून मूळ आज्ञांचीच सवय लावावी? ज्यांनी मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या वर्गात हे केले आहे, त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा.