मदत हवी आहे: इंडक्शन उशिरा झालं, आता प्लेसमेंटची (पदोन्नतीची) तारीख पुढे जाणार का?

पानगळ

नमस्कार मंडळी. कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) फायलीतून सुखरूप बाहेर पडलेल्या कुणीतरी जरा वाचा.

मी एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. 12 ऑगस्ट 2019 ला रुजू झाले. सेट (राज्याची पात्रता परीक्षा) आहे, पीएच.डी. नाही (प्रबंधाचं चौथं प्रकरण दीड वर्षं 'होतच आलंय'). म्हणजे वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायला सहा वर्षं, पात्रता दिनांक 12 ऑगस्ट 2025. त्या दिवशी माझ्या फायलीत लॉकडाऊनमधल्या एकदिवसीय वेबिनारची तेवीस प्रमाणपत्रं होती, सात-सात दिवसांचे दोन ऑनलाइन एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम) होते, आणि 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एक कोर्स होता, ज्याची परीक्षा मी तालुक्याहून एसटीने जाऊन दिली होती. नव्हतं ते फक्त ओरिएंटेशन, म्हणजे हल्लीचा फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम.

आळस केला म्हणाल तर नाही. 2022 मध्ये अर्ज दिला तेव्हा परीक्षा होत्या. 2023 मध्ये कॉलेजच्या मूल्यांकनाला नॅकची टीम यायची होती. 2024 मध्ये कॉलेजने सोडलं, पण केंद्रावर जागा भरलेल्या. अखेर मागच्या नोव्हेंबरात एमएमटीटीसीतून (शिक्षक प्रशिक्षण केंद्रातून) ऑनलाइन झाला. प्रमाणपत्रावर समारोपाची तारीख 9 डिसेंबर 2025.

आता आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक म्हणतात, सहा वर्षं ऑगस्टात भरली ना, मग ऑगस्टपासूनच. ऑफिस म्हणतं, डिसेंबर. प्राचार्य म्हणतात, समिती बघेल. खरं काय? आणि चार महिन्यांनी असा किती फरक पडतो, की उगाच डोकं पिकवतेय? ती तेवीस प्रमाणपत्रं लावायची की नाही, तेही सांगा.

सह्याद्रीकर

आधी प्रमाणपत्र नीट वाचा. 'फॅकल्टी इंडक्शन' असेच शब्द आहेत ना? आमच्या एका सहकाऱ्याने महिनाभराचा कार्यक्रम केला, पण वर 'फॅकल्टी डेव्हलपमेंट' छापलेलं. छाननीत अडकला. दिवस पुरेसे होते, नाव चुकलं होतं.

पानगळ

तेच शब्द आहेत, दिवसही 21 च्या वर आहेत. बघितलं आत्ताच.

मोठेबाबू

कार्यालय अधीक्षक आहे, अशा फायली बांधण्यातच नोकरी गेली. मॅडम, तुमचं ऑफिस बरोबर आहे.

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत हे सरळ लिहिलंय. किमान पात्रता ज्या दिवशी पूर्ण, त्या दिवसापासून पदोन्नती. एखादी अट नंतर पूर्ण झाली तर ती पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. सहा वर्षं ही एक अट, ओरिएंटेशन ही दुसरी. दोन्ही भरल्या डिसेंबरात. आमच्याकडे समारोपाचा दुसरा दिवस धरतात, म्हणजे 10 डिसेंबर.

आता पैसे. तुम्ही 57,700 वर लागलात. दर जुलैची वेतनवाढ धरली तर जुलै 2025 ला मूळ वेतन 68,800. प्लेसमेंटला एक वेतनवाढ देऊन 70,900, आणि लेव्हल 11 मध्ये त्याच्या वरचा आकडा 71,000. म्हणजे महिन्याला 2,200 अधिक त्यावरचा महागाई भत्ता. चार महिन्यांचं म्हणाल तर फार नाही.

पण खरी गोम पुढे आहे. 11 वरून 12 ला पाच वर्षं, ती आता डिसेंबर 2025 पासून मोजणार. तिथून 13ए ला तीन वर्षं, आणि तिथे पीएच.डी. हवीच. लेव्हल 12 सुरू होते 79,800 ला, 13ए सुरू होते 1,31,400 ला. आज घसरलेले चार महिने त्या उडीपर्यंत तुमच्यासोबत येतात. तेव्हा चौथं प्रकरण उरका.

तेवीस प्रमाणपत्रं घरी ठेवा. ओरिएंटेशनसोबत दुसरं काहीतरी एकच लागतं, किमान पाच दिवसांचा कार्यक्रम किंवा 'मूक' (MOOC) म्हणजे ऑनलाइन कोर्स. तुमचा स्वयंचा कोर्स पुरतो, हवा तर एक एफडीपी जोडा. जाड फाईल बघून समिती खूश होत नाही, कंटाळते. उरलेली पुढच्या लेव्हलला चालतील असंही समजू नका, तिथे मूल्यमापन कालावधी नवा असतो.

चकोर७

असहमत. आमच्याकडे दोघांना मूळ तारीख मिळालीय, कोर्स नंतर झालेला असूनही.

मोठेबाबू

कोणत्या वर्षी? जुन्या नियमावलीत ओसी-आरसी (ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स) पूर्ण करायला यूजीसीने वेळोवेळी मुदतवाढ दिली होती, तीत बसले असतील. ते उदाहरण घेऊन 2025 ची फाईल गेली की उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीला परत येते. आणि तोवर फरक उचलला असेल तर वसुली.

चकोर७

2017. बरं, मागे घेतो.

सह्याद्रीकर

कॉलेजने सोडलं नाही, त्याची शिक्षा शिक्षकाला का? नियमावलीत वर्षाला 30 दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची तरतूद आहे, त्यात ओरिएंटेशन आणि इंडक्शन नावानिशी आहेत. मॅडम, नकार लेखी आहे का?

पानगळ

2022 च्या अर्जावर प्राचार्य सरांनी काहीतरी लिहिल्याचं आठवतंय. उद्या बघते.

एक विषयाबाहेरचं सांगते. या इंडक्शनला मी नाखुशीनेच बसले होते. सहावं वर्ष संपल्यावर 'नव्याने रुजू' होणार! गटात दोन महिन्यांपूर्वी लागलेली मुलं. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत, तिथे खुर्ची टाकून बसायचे. हजेरीची लिंक दिवसअखेरीस दहा मिनिटं उघडायची, तेव्हा नेमकं कुणीतरी मोटर चालू करायचं.

तिसऱ्या आठवड्यात आठ मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. मी पर्णरंध्रं घेतली, सहा वर्षं घेतेय, झोपेतही जमतील. संपल्यावर त्या नव्या मुलांपैकी एकजण भीत भीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाच प्रश्न विचारले आणि पाचही उत्तरं तुम्हीच दिलीत. मी मोजत होतो, दोन सेकंदांच्या वर एकदाही थांबला नाहीत." रेकॉर्डिंग लावून बघितलं. खरं होतं. "दुपारी रंध्रं का मिटतात? कारण पाणी वाचवायचं असतं." एका दमात!

हे 2020 मध्ये कुणी सांगितलं असतं तर सहा तुकड्या वाचल्या असत्या. आता वर्गात प्रश्न विचारून मनात दहा अंक मोजते. सातव्या अंकाला मागच्या बाकावरून आवाज येतो. तेवीस वेबिनारांपैकी एकाचाही विषय आता आठवत नाही.

मोठेबाबू

तुम्हाला निदान उशिरा का होईना मिळालं. आम्हा शिक्षकेतरांचं प्रशिक्षण म्हणजे एमएस-सीआयटी, तेही नोकरीच्या सुरुवातीला. त्यानंतर परीक्षा ऑनलाइन झाल्या, प्रवेश ऑनलाइन झाले, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर गेली, सगळं एकमेकांना विचारत शिकलो. असो. आवक रजिस्टर बघा. अर्जावर आवक क्रमांक असेल तरच तो कागद, नाहीतर रद्दी.

पानगळ

बघून आले. शिपाईमामांनी कपाटावरून 2022 चं रजिस्टर काढून दिलं, वाळवीने एक कोपरा खाल्लाय, पण माझी ओळ शाबूत. आवक क्रमांक आहे, आणि अर्जावर हिरव्या शाईत शेरा: 'परीक्षेच्या कामामुळे कार्यमुक्त करता येत नाही.' खाली सही, तारीख. 2023 चा अर्ज मी थेट सरांच्या हातात दिला होता, रजिस्टरात त्याचा पत्ताच नाही. चूक माझीच.

सह्याद्रीकर

एक पुरेसा आहे. ऑगस्टची तारीख मागणारं निवेदन जोडा, सोबत शेऱ्याची साक्षांकित प्रत.

मोठेबाबू

जोडा, पण वेगळं. मुख्य प्रस्तावात 10 डिसेंबरच लिहा. तिथे ऑगस्ट लिहिलंत तर अट अपूर्ण म्हणून अख्खा प्रस्तावच परत येईल आणि चाराचे चौदा महिने होतील. निवेदन विद्यापीठाला, योग्य मार्गाने, प्राचार्यांमार्फत. मान्य झालं तर ठीक, मला आशा कमी वाटते. आणि वार्षिक मूल्यमापन अहवाल तपासा, सहापैकी किमान पाच वर्षं 'चांगला' किंवा 'समाधानकारक' हवेत. 2020-21 चा अहवाल बऱ्याच कॉलेजांत भरायचाच राहिलाय.

पानगळ

2020-21 चा माझा आहे, 2021-22 चा सापडत नाहीये. विभागप्रमुखांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, आणि ते पेपर तपासणीला गेलेत. सोमवारी येतील. निवेदनाचा कच्चा मसुदा लिहिला की इथे टाकते, बाबूसाहेब एकदा नजर टाकाल का?

मोठेबाबू

टाका. आणि या वेळी आवक क्रमांक घेऊनच खोलीबाहेर पडा.